निंबाखालचं बोलणं

राठोड सरांच्या पोटात काही राहत नव्हतं, असं आमच्या तालुक्यातले जुने मास्तर अजूनही म्हणतात. चहाच्या टपरीवर म्हणतात, लग्नाच्या पंगतीत म्हणतात, आणि ज्यांनी राठोड सरांना कधी पाहिलंही नाही असे नव्या भरतीतले शिक्षक ते ऐकून मान हलवतात. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे शाळेतल्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो गप्प बसला, पुढे त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि शाल-नारळ घेऊन निवृत्त झाला. तो मी. हे प्रकरण मी माफीसाठी लिहीत नाही. ज्यांची सगळ्यांत आधी मागायची ते राहिले नाहीत, आणि माफी मागून माझा संताप निवणार नाही. संताप माझ्यावर आहे, माझ्या मामावर आहे, आणि तांड्यावरून आलेल्या एका माणसाबद्दल वाईट ऐकायची ज्यांना घाई झाली होती त्या सगळ्या शहाण्यांवर आहे.

मामाच्या घरापासून सुरुवात करावी लागेल, कारण माझं जे काही बनलं-बिघडलं ते तिथंच. वडील गेल्यावर आईनं मला हिंगोलीला तिच्या भावाकडे शिकायला ठेवलं. मामांचं मोंढ्यात आडतीचं दुकान होतं, शिवाय एका शिक्षणसंस्थेचे ते सचिव. घराबाहेर सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. हळदीच्या दिवसांत त्या घरात सगळीकडे पिवळी पूड असायची, उंबऱ्यावर, पाण्याच्या घागरीवर, मामांच्या धोतराच्या काठाला. पहाटे मामी भाकरी थापायला बसल्या की तो थपथप आवाज माडीपर्यंत ऐकू यायचा. मामा परसातून आत आले की आवाज थांबायचा. मामी थापणं थांबवून पदर सावरायच्या, पोरं पुस्तकात तोंड खुपसायची, आणि मी खांबाला टेकून उभा राहायचो, आपल्याला कोणी काही विचारू नये म्हणून. मला त्या घरात कोणी उपाशी ठेवलं नाही, हे लिहायला हवं. पण मी आश्रित आहे हे मला रोज पानावरच कळायचं. माझ्या ताटात वरण शेवटी यायचं आणि पातळ यायचं.

मग एक दिवस मी दुकानातल्या दिवाणजींची नक्कल केली. ते तपकीर ओढून शिंक येईपर्यंत तोंड वर करून थांबायचे, आणि शिंक आली नाही तर समोरच्या हमालावर ओरडायचे. मी पोरांना हसवत होतो, दारात मामा उभे असल्याचं मला दिसलं नाही. मामा म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केली. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी मामींनी माझ्या भाकरीवर तुपाचा चमचा ठेवला. भाकर या घरात तशीही मिळते, तूप मात्र नकलेवर मिळतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे रोज जेवताना मामा विचारायचे, "हं, आज कोण?" आणि मी कोणीतरी व्हायचो. शेजारीण, पोस्टमन, कीर्तनकार, रेल्वे स्टेशनवरचा हमाल. माझा स्वतःचा आवाज त्या घरात कोणी ऐकला असेल असं वाटत नाही.

बी.एड. झालो आणि मामांनी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत मला लावून दिलं. सेनगाव तालुक्यातलं, साखरा-पुसेगावच्या पट्ट्यातलं कोरडवाहू गाव, नाव लिहीत नाही. शाळेला पत्र्याच्या खोल्या, समोर मैदान आणि मैदानाच्या कडेला एक जुना निंब. मी आठवडाभर गावात खोली करून राहायचो आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं हिंगोलीला मामांकडे जायचो. स्टाफरूममध्ये तेव्हा कोणी कोणाशी खरं बोलत नसे. कदम सर सगळ्यांत सीनियर. ते जेवताना डब्याचं झाकण अर्धं लावून ठेवायचे, भाजी काय आणली तेही कळू नये म्हणून. कोणी रजा टाकली तर दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या ऑफिसात ती का टाकली हे ठाऊक असायचं. कोण सांगतं याचा सगळ्यांना सगळ्यांवर संशय. मी आबासाहेबांचा भाचा, म्हणून माझ्यासमोर तर हवापाण्याच्याच गप्पा.

अशा ठिकाणी राठोड सर मुख्याध्यापक म्हणून आले. जवळच्याच बंजारा तांड्यावरचे, घरी चार एकर कोरडवाहू. सडपातळ माणूस, पांढरा सदरा, आवाज हळू. संस्थेच्या सगळ्या शाळा धरून नियमानं ज्येष्ठता त्यांची होती म्हणून संस्थेला त्यांना घ्यावंच लागलं, मामांना ते मनातून नको होते. आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांनी शाळा सुटल्यावर सगळ्यांना निंबाखाली बोलावलं. खुर्ची नाही, सतरंजी. शिपाई हुसेनभाईंनाही बसवलं. म्हणाले, "आमच्या तांड्यावर नायकासमोर, म्हंजे तांड्याच्या प्रमुखासमोर, माणसं बसतात. ज्याचं जे असल ते त्याच्या तोंडावर सांगायचं. ज्याच्याबद्दल सांगितलं त्यानं त्या दिवशी उत्तर द्यायचं न्हाई, पुढच्या बैठकीत द्यायचं. आन् उठताना बोलणं तिथंच ठिवायचं. आपण तसं करून बघू."

पहिले दोन शनिवार सगळे गवताच्या काड्या मोडत बसले. मग हुसेनभाईंनीच तोंड फोडलं. "सर, बोलूं तो नौकरी रहती ना?" सर म्हणाले, "तुमची राहील, माझं सांगता येत न्हाई." हुसेनभाई म्हणाले, "तो सुनो. तुम लोगां चाय पीके कपां खिडकी में रखके जाते. गिलास मैं धोऊं, कपां क्या चूहे धोएं?" सगळे हसले, आणि नियमाप्रमाणे कोणी उत्तर दिलं नाही. पुढच्या शनिवारी कदम सर म्हणाले, "कपाचं बराबर आहे. आमची चूक." एवढ्याशा गोष्टीनं काहीतरी सैल झालं. हळूहळू मोठ्या गोष्टी आल्या. कदम सर शेवटचा तास अर्धा सोडून एसटी पकडतात, असं खिल्लारे बाई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या. आठवडाभर कदम सरांच्या कपाळाची शीर ताठ होती. पण त्या आठवड्यात माणूस विचार करतो, शिव्या देऊन थकतो आणि मग खरं बोलतो. पुढच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की घरी बायको अंथरुणावर आहे, चूल त्यांनाच पेटवावी लागते. सरांनी वेळापत्रक फिरवून त्यांचा शेवटचा तास सकाळी ठेवला. त्या दिवसापासून कदम सरांच्या डब्याचं झाकण पूर्ण उघडं राहू लागलं. धपाटे, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं मधे यायचं आणि ज्याला जे हवं ते तो उचलायचा. मी नंतर मुख्याध्यापक म्हणून कितीतरी प्रशिक्षणं केली, विश्वासाचं वातावरण वगैरे शब्द फळ्यावर लिहिलेले पाहिले. ते वातावरण मी एकदाच पाहिलं, आणि ते मीच मोडलं.

खिल्लारे बाई हिंगोलीच्या, मराठी शिकवायच्या, शाळेत सगळ्यांत नव्या. त्यांच्या नेमणुकीला सरकारी मान्यता अजून यायची होती आणि तो प्रस्ताव संस्थेच्या हातात होता. एका शनिवारी त्या माझ्याकडे वळल्या. "शिंदे सर, तुमी वर्गात त्या तोतऱ्या पोराची नक्कल करता. सगळे हसतात. ते लेकरू आता शाळेत यायला भेतं." मी काही बोलू शकत नव्हतो, नियमच तसा. आठवडाभर मी आतून जळत होतो. पुढच्या शनिवारी म्हणालो, "माझी चूक झाली." सगळ्यांना ते पटलं. कदम सरांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "शिंदे, आजपासून तू भाचा न्हाईस, आमचा हायेस." मलाही वाटलं की मी बदललो. खरं तर माझा राग मी फक्त गिळला होता.

मग पटाची तपासणी आली. नववीची दुसरी तुकडी टिकवायला जेवढी पोरं लागतात तेवढी आमच्याकडे नव्हती. अशा वेळी संस्था काय करतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असायचं. बाहेरून पोरं ट्रॅक्टरमध्ये भरून आणायची, वर्गात बसवायची आणि साहेब नाव पुकारतील तेव्हा दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणायला लावायचं. त्या शनिवारी निंबाखाली हाच विषय निघाला. तुकडी गेली तर सगळ्यांत आधी नोकरी जाणार होती खिल्लारे बाईंची. आणि त्याच म्हणाल्या, "माझ्या वर्गात बाहेरची लेकरं बसवली तर मी सायबाला एकेकाचा हात धरून दाखवीन. हे लेकरू माझं न्हाई, हे बी माझं न्हाई. माझी नोकरी गेली तर जाऊ द्या." मग कदम सर म्हणाले, "बाई एकट्या काहून? आपण सगळेच नको म्हणू. सगळ्यांना काढता येत न्हाई त्यायला." राठोड सरांनी एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकानं मान हलवली. मीही हलवली.

दुपारच्या एसटीनं मी हिंगोलीला गेलो. रविवारी मामींनी येसराची आमटी केली होती, बाजरीची भाकर, लसणाची चटणी. पंगतीला मोंढ्यातले दोन पाहुणे होते. मामांनी हात धुता धुता विचारलं, "हं, आज कोण?" आणि मी खिल्लारे बाई झालो. पदर खोचला, मान वाकडी केली, मामांच्या धाकट्या नातवाला हात धरून उभं केलं आणि बाईंच्या आवाजात म्हणालो, "सायब, हे लेकरू माझं न्हाई. हे बी माझं न्हाई." पाहुण्यांच्या हातातला घास खाली पडला. मामी भिंतीला धरून हसत होत्या. मामाही हसले, आणि हसता हसताच विचारलं, "असं म्हणली व्हय? आन् बाकीचे?" मी म्हणालो, "बाकीच्यांनी बी माना डोलवल्या." कदम सरांची मान कशी डोलली तीही करून दाखवली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते फक्त हसवणं होतं, जिभेची सवय होती. खोटं आहे. त्या नकलेत माझा राग होता. तोतऱ्या पोरावरून तिनं मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं, आणि मी तिला मामाच्या पंगतीत उघडं पाडलं. मामा हसतोय म्हणजे ऐकत नाही, असं समजण्याएवढा मी लहान राहिलो नव्हतो.

मंगळवारी मामा जीपनं शाळेत आले. स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच, सुपारी कातरत म्हणाले, "काय खिल्लारे बाई, हात धरून दाखवणार म्हणं? हे लेकरू माझं न्हाई?" शब्दन् शब्द तोच. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मामा पुढे म्हणाले, "तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव आमच्याच ऑफिसात पडून हाये बरं का. तुमी बी आमचं लेकरू व्हायचं का न्हाई, ते आधी ठरू द्या." आणि निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एवढा हुशार माणूस.

ते गेल्यावर कदम सर मला हौदाजवळ घेऊन गेले. "शिंदे, तू तर न्हाई ना बोललास मामाजवळ?" मी म्हणालो, "सर, मामा मला शाळेचं काही विचारत बी न्हाईत." मग मी आणखी एक वाक्य बोललो. "राठोड सर सोमवारी हिंगोलीला ऑफिसात गेले होते, व्हय ना?" गेले होते, संस्थेनंच बोलावलं होतं. माझ्या त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कदम सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग निंबाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तरीच. तांड्याचा माणूस. खुर्ची टिकवायला आपल्याला बोलतं केलं त्यानं." एका वाक्यानं झालं सगळं. त्या माणसानं त्यांच्या आजारी बायकोसाठी सगळ्या शाळेचं वेळापत्रक फिरवलं होतं. ते आठवायला कदम सरांना एक क्षणही लागायला नको होता. मी खोटा होतो, पण ते माझ्याइतके खोटे नव्हते, तरी त्यांना विश्वास ठेवायला किती सोपं गेलं! हा राग मला आजही आवरत नाही.

शनिवारी सगळे निंबाखाली आले. कदम सर उभे राहिले आणि सरांच्या तोंडावर म्हणाले, "सर, इथलं बोलणं तुमी आबासाहेबांना सांगितलं. बाईंचं वाटोळं केलं." राठोड सरांचे ओठ हलले. एकदा त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली, किंवा मला तसं वाटलं. मग ते म्हणाले, "आज मला बोलता येत न्हाई. पुढच्या शनिवारी सांगतो." दुसरा कोणी असता तर त्यानं नियम बाजूला ठेवला असता, छाती बडवून घेतली असती. हा माणूस स्वतःच्या अब्रूसाठीसुद्धा नियम मोडेना. पण बाकीच्यांनी त्याचा अर्थ असा काढला की उत्तरच नाही. पुढच्या शनिवारी शाळा सुटली तेव्हा सर सतरंजी अंथरून बसले. कोणी आलं नाही. हुसेनभाईसुद्धा घंटेजवळ रेंगाळले आणि घरी गेले. मी एसटीच्या थांब्यावर उभा होतो, तिथून मैदान दिसायचं. चालत गेलो असतो तर दोन मिनिटं लागली असती. गाडी आली आणि मी चढलो.

तपासणीच्या दिवशी ट्रॅक्टर आला. मामांनी मुद्दाम राठोड सरांच्याच तांड्यावरची पोरं आणली होती. सगळ्यांना नको म्हणायचं होतं, पण आता सगळे असे कोणी उरलेच नव्हते. जो तो आपापल्या वर्गात खाली मान घालून बसला. बाईंना त्या दिवशी शाळेत येऊच नका म्हणून निरोप गेला होता. एकटे राठोड सर नववीच्या दारात आडवे उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, "ही लेकरं आमच्या शाळेची न्हाईत. मी यांच्या आईबापांना ओळखतो. मी सही करणार न्हाई." साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "मुख्याध्यापकांची तब्येत बरी न्हाई. कदम सर, तुमी बघा." कदम सरांनी सही केली. आणि संध्याकाळी स्टाफरूममध्ये तेच म्हणाले, "आधी चुगली करायची आन् मग धुतल्या तांदळाचं नाटक करायचं." सगळ्यांना ते पटलं. माणसावरचा विश्वास एकदा उडाला की त्याचं खरेपणही त्याच्याच विरुद्ध जातं, हे मी त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. महिन्याच्या आत सरांना संस्थेच्या लांबच्या शाखेत पाठवलं. बाईंची मान्यता आलीच नाही. तुकडी टिकली, त्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

सर वारले तेव्हा मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. शोकसभा माझ्याच अध्यक्षतेखाली झाली. निवृत्त कदम सर बोलायला उठले, म्हणाले, "माणूस हुशार. फक्त पोटात काही राहत नव्हतं." लोक हळूच हसले, मेलेल्या माणसाबद्दल हसतात तसे. मग मी बोललो. शिस्त, साधेपणा, गरिबीतून शिक्षण. जे कोणाबद्दलही बोलता येतं ते सगळं बोललो. माझ्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी खोलीत शिरलो की गप्प होणारे माझे शिक्षक.

गेल्या हिवाळ्यात मी खिल्लारे बाईंच्या घरी गेलो. हिंगोलीतच आहेत, अजून शिकवण्या घेतात. दाराशी पोरांच्या चपलांचा ढीग होता. पोरं गेल्यावर मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मामांची पंगत, नक्कल, हौदाजवळचं ते वाक्य. बाई पोरांच्या वह्या एकावर एक रचत ऐकत होत्या. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "ते राहू द्या. मला एक सांगायचं हाये. ऐकून जा."

मग त्यांनी सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. नोकरी गेल्यावर काही महिन्यांनी त्या हिंगोलीच्या बसस्टँडवर उभ्या होत्या. राठोड सर समोर आले. म्हणाले, बाई, तुम्ही वरच्या ऑफिसात तक्रार करा, त्या दिवशी पोरं बाहेरची होती हे मी लिहून देतो, माझी नोकरी गेली तरी चालेल, तुमची मान्यता त्यांना अडवता येणार नाही.

"मग तुम्ही केली नाही तक्रार?" मी विचारलं.

"कशी करणार? मला वाटलं, ह्यो आबासाहेबाचाच डाव. मला बोलतं करून राहिला पुन्हा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी म्हणले, सर, आता हे जाऊन कोणाला सांगणार तुमी?"

"आणि सर?"

"माझी गाडी लागली. गर्दी होती, माझ्याजवळ पुस्तकांची पिशवी, जड. त्यांनी ती उचलून वर चढवून दिली आन् खाली उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं बी न्हाई त्यांच्याकडं."

त्यांनी दार उघडं धरलं होतं.

"आता निघा, शिंदे सर," त्या म्हणाल्या. "हे मला सांगून तुमचं काम झालं न्हाई. ज्यांच्यासमोर गप बसलात, त्यांना सांगा."